रुळांशेजारचा रस्ता

दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रांतील घरोघरच्या अंगणांत मुलें मातीचा किल्ला उभा करतात. दगडगोट्यांवर माती थापून डोंगर होतो, अळीव पेरून शेतें होतात, वाटीभर पाण्याची विहीर होते. पण किल्ला उभा राहिला म्हणजे काम संपलें असें मुलांना कधींच वाटत नाहीं. पायथ्याशीं वाट हवी, वाटेवर बैलगाडी हवी, डोक्यावर मडकें घेतलेली गवळण हवी. आणि घरांत एखादी पत्र्याची मोटार असली तर तीहि शिवकालाची पर्वा न करतां त्या वाटेवर येऊन उभी राहते. मावळा बुरुजाहून उंच झाला तरी त्याला कोणाची हरकत नसते. मुख्य वस्तूच्या भोंवतालच्या लहान वस्तूंनींच देखाव्याला जीव येतो, हें मुलांना कोणी शिकवावें लागत नाहीं.

मोठ्या माणसांना मात्र हें कळावयास बराच काळ लागला. खेळण्यांतील आगगाडीचा इतिहास हें त्याचें एक उत्तम उदाहरण आहे. जर्मनींतील मेर्कलिन या कंपनीनें १८९१ सालीं लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यांत इंजिन, डबे आणि वाढवितां येण्याजोगे रूळ असे संच मांडले. तेव्हांपासून युरोपांतील सुखवस्तु घरांत गालिच्यावर आगगाडी फिरूं लागली. पत्र्याचें स्टेशन आलें, बोगदा आला, सिग्नल आले. परंतु स्टेशनाच्या बाहेर काय आहे, उतरलेला उतारू घरीं कसा जातो, डब्यांतून आलेला माल दुकानापर्यंत कोण पोंचवितो, हे प्रश्न बहुधा कोणाला पडत नसत. गाडी फलाटावरून निघे, चक्कर मारी आणि त्याच फलाटावर परत येई.

या वर्तुळाला रस्ता जोडण्याच्या कामीं ज्याच्या कारखान्याचा मोठा वांटा आहे, तो फ्रँक हॉर्नबी हा १८६३ सालीं इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं जन्मला. मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर तो हिशेबनीस होता. आपल्या मुलांसाठीं त्यानें धातूच्या पट्ट्यांना ठराविक अंतरावर भोंकें पाडून, त्या स्क्रूंनीं जोडून, यारी, पूल, गाडे तयार करण्याचें एक खेळणें योजिलें, आणि १९०१ सालीं त्याचें पेटंट घेतलें. तेंच खेळणें १९०७ पासून ‘मेकॅनो’ या नांवानें जगभर गेलें. पुढें १९२० सालीं त्याच कारखान्यांतून चावीची आगगाडी बाहेर पडली. तिच्या रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर असून, हॉर्नबीचें नांव धारण करणारी ही गाडी लवकरच इंग्रज मुलांच्या इच्छेचा विषय होऊन बसली.

प्रारंभीं या गाडीचा परिवारहि रेल्वेपुरताच होता. १९३१ च्या सुमारास कारखान्यानें शिशाचीं लहान लहान माणसें काढिलीं. प्रथम स्टेशनमास्तर, गार्ड, हमाल ही स्टेशनावरील मंडळी; मागून उतारू, शेतावरचीं जनावरें, मेंढपाळ आणि त्याच्या मेंढ्या. म्हणजे फलाटाच्या कुंपणापलीकडे हळूहळू शेत दिसूं लागलें. मग १९३३ च्या डिसेंबरांत २२ क्रमांकाचा एक संच विक्रीस आला. त्यांत सहा वाहनें होतीं: दोन लहान मोटारी, एक मालमोटार, एक माल पोंचविणारी बंद गाडी, शेतांतील एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा. हीं वाहनें म्हणजे आगगाडीचा केवळ साज होय, अशीच कारखान्याची समजूत होती. स्टेशनाबाहेर दोन मोटारी उभ्या असल्या तर स्टेशन अधिक खरें दिसेल, इतकाच त्यांचा हेतु.

परंतु त्याच वेळीं खेळण्याबाहेरच्या जगांत काय चाललें होतें तें पाहिलें असतां या सहा वाहनांचें महत्त्व निराळें दिसतें. पहिलें महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या हजारों जादा मालमोटारी ब्रिटनमध्यें स्वस्तांत विकल्या गेल्या, आणि सैन्यांतून मोकळ्या झालेल्या अनेक तरुणांनीं त्या घेऊन मालवाहतुकीचा धंदा मांडला. दुकानदाराच्या दारांतून माल उचलावयाचा आणि गिऱ्हाइकाच्या दारांत टाकावयाचा, ही सोय आगगाडीला देतां येईना. रेल्वे कंपन्यांचा माल रस्त्यावर जाऊं लागला. १९२८ सालीं त्या कंपन्यांनीं स्वतः रस्त्यावर वाहनें चालविण्याचे अधिकार पार्लमेंटकडून मिळविले, आणि १९३३ सालीं रस्त्यावरील मालवाहतुकीला परवान्यांचें बंधन घालणारा कायदा झाला. ज्या वर्षीं खेळण्याच्या स्टेशनापुढें पहिली मालमोटार साज म्हणून उभी राहिली, त्याच वर्षीं खऱ्या रेल्वेचा मालमोटारीशीं चाललेला झगडा कायद्याच्या पुस्तकांत शिरला!

या झगड्याची एक खूण खेळण्यांतहि उमटली. स्टेशनांतून गांवांत माल पोंचविण्याकरितां रेल्वे कंपन्या पूर्वीं हजारों घोडे बाळगीत. १९३० नंतरच्या दशकांत त्यांच्या जागीं तीन चाकांचें, अरुंद गल्लींत सहज वळणारें एक यंत्र आलें; त्याला लोक ‘यांत्रिक घोडा’ म्हणत. १९३५ सालीं लिव्हरपूलच्या कारखान्यानें त्याचीहि प्रतिकृति काढिली, आणि ती रेल्वे कंपन्यांच्या रंगांतहि मिळूं लागली. त्यापूर्वींच, १९३४ सालीं, माल पोंचविणाऱ्या गाड्यांवर खऱ्या व्यापाऱ्यांच्या व वृत्तपत्रांच्या जाहिराती रंगविण्यांत आल्या होत्या. त्यांत पिकफर्ड्स हे सामान हलविणारे होते आणि ‘मँचेस्टर गार्डियन’ हें वृत्तपत्रहि होतें. मुलांच्या दृष्टीनें ती रंगीत अक्षरें होतीं; आज तीं त्या काळच्या बाजाराचीं साक्षपत्रें आहेत.

१९३४ च्या एप्रिलपासून या सगळ्या वाहनांना ‘डिंकी टॉइज’ हें नांव मिळालें, आणि मग एक मौजेची गोष्ट घडली. ज्या मुलांकडे आगगाडी नव्हती तींहि या मोटारी घेऊं लागलीं. आगगाडीचा संच म्हणजे बापाच्या खिशाला मोठा खड्डा. पण एखादी मोटार मुलाला खाऊच्या सांठविलेल्या पैशांतून घेतां येई. शिवाय तिला रूळ नकोत, चावी नको; चटईची कड हाच तिचा रस्ता. रोल्स-रॉइससारख्या ओळखूं येणाऱ्या गाड्या निघूं लागल्या तेव्हां तर मोटार स्टेशनाची शोभा राहिलीच नाहीं. ती स्वतंत्र संग्रहाची वस्तु झाली. साज म्हणून आलेली वस्तु मुख्य पात्राची बरोबरी करूं लागली.

या मोटारी प्रथम शिशाच्या असत. पुढें त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या झाल्या. हा वितळलेला धातु पोलादी सांच्यांत दाबानें भरला कीं चाकावरचें बारीक वळणहि स्पष्ट उमटे. परंतु त्यांत एक वैगुण्य होतें. या मिश्रणांत शिशाचा अल्पसाहि अंश शिरला, तर धातु कित्येक वर्षांनीं आंतल्या आंत फुगतो, त्याला तडे जातात, आणि न पडतां, न आदळतां गाडीचे तुकडे होतात. महायुद्धापूर्वींच्या कित्येक मोटारी अशा रीतीनें काचेच्या कपाटांतच नष्ट झाल्या आहेत. म्हणूनच ज्या धड राहिल्या आहेत त्यांचें मोल इतकें आहे.

आतां प्रमाणाचा प्रश्न. दिवाळीच्या किल्ल्यांत मावळा बुरुजाहून उंच चालतो. पण प्रतिकृतीचा नाद लागलेल्या प्रौढ माणसाला तें सहन होत नाहीं. ३२ मिलिमीटरच्या रुळांसाठीं इंग्रज कारागीर एका फुटाला ७ मिलिमीटर धरीत. म्हणजे ६ फूट उंचीचा गृहस्थ ४२ मिलिमीटरांचा होई. १९३८ सालीं हॉर्नबीच्या कारखान्यानें ‘डब्लो’ नांवाची अधिक लहान गाडी काढिली. तींत रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर आणि प्रमाण फुटाला ४ मिलिमीटर. तोच गृहस्थ आतां २४ मिलिमीटरांचा झाला. जुन्या मोटारी या स्टेशनापुढें ठेवल्या तर उतारू चाकाएवढा दिसे. या लहान गाडीच्या मापाच्या मोटारी त्याच कारखान्यानें १९५७ सालापासून काढिल्या. पण तोपर्यंत अनेक हौशी लोक लांकूड, पुठ्ठा आणि तार यांतून आपल्या मापाच्या मोटारी, दिव्यांचे खांब व कुंपणें स्वतःच करूं लागले होते.

अशा हौशी लोकांत जॉन एहर्न या गृहस्थाचें नांव मानानें घेतलें जातें. विम्याच्या व्यवसायांतील या लंडनकरानें १९३० नंतरच्या दशकांत ‘मॅडर व्हॅली’ नांवाचें एक काल्पनिक खोरें रचण्यास आरंभ केला. त्यांत बंदर होतें, खेडीं होतीं, चढउतारांचे रस्ते होते. घरें निरनिराळ्या ठिकाणच्या खऱ्या घरांवरून घेतलेलीं होतीं. त्याची आगगाडी त्या खोऱ्यांतून वाट काढीत जाई. रुळांसाठीं गांव मांडावयाचें नाहीं, गांवासाठीं रूळ घालावयाचे, हा विचार त्याच्या कामानें व लेखांनीं इंग्लंडभर पसरला.

इकडे खऱ्या जगांतील झगडा रस्त्यानें जिंकला. १९६३ च्या मार्चमध्यें ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें ५,००० मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्टेशनें बंद करावीं अशी शिफारस होती. ज्या लहान फांट्यावरील स्टेशनांचे नमुने मुलांनीं गालिच्यावर मांडले होते, तशींच स्टेशनें या यादींत होतीं. आणि योगायोग असा कीं, १९६४ सालीं मेकॅनो कंपनी प्रतिस्पर्ध्याच्या हातीं गेली, आणि तिच्या लिव्हरपूलच्या कारखान्यांत आगगाड्या तयार होणें थांबलें. हॉर्नबी हें नांव आगगाड्यांवर आजहि चालतें, पण त्या गाड्या त्या कारखान्याच्या नव्हत. मोटारी मात्र तेथें पुढेंहि होत राहिल्या. १९७९ च्या नोव्हेंबरांत कारखान्याला टाळें लागलें, तेव्हां आगगाडीची शोभा म्हणून जन्मलेली मोटार आगगाडीमागून पंधरा वर्षें तेथें जगली होती.

मग जें गेलें त्याची आठवण कोणी ठेवावयाची? या प्रश्नाचें उत्तर एका परदेशी तरुणानें फार आधींच दिलें होतें. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियांत वाढलेला तरुण १९२५ सालीं इंग्लंडांत आला. तो आगगाडीचा षौकी होता. पण ऑक्सफर्डजवळच्या व्हाइट हॉर्स नांवाच्या खोऱ्यांतील गवतानें शाकारलेलीं घरें पाहून तो मोहून गेला. तीं छप्परें एकामागून एक नाहींशीं होत आहेत हें त्याच्या लक्षांत आलें. घरें वांचविणें त्याच्या हातीं नव्हतें. म्हणून त्यानें त्यांचीं मापें घेतलीं आणि फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणांत तीं पुठ्ठ्याचीं करावयास आरंभ केला. प्रत्येक विटेची रेघ कोरावयाची, ती जलरंगानें रंगवावयाची, छप्पर वाखाच्या धाग्यांनीं शाकारावयाचें, परसांतील भाजीचा वाफा सुद्धां सोडावयाचा नाहीं, असा त्याचा नेम. १९५४ सालीं लाँग विटनम या गांवीं त्याच्या कामाचें संग्रहालय सुरू झालें. त्याचें नांव पेंडन. तेथील खेडें काल्पनिक आहे, पण त्यांतील घरें त्या खोऱ्यांतील खऱ्या घरांवरून केलेलीं आहेत. रस्त्यांवर १९३० च्या आसपासची रहदारी आहे: घोड्यांचीं गाडीं आहेत, आणि मोटारी अजून थोड्या आहेत. एहर्नच्या मृत्यूनंतर त्याचें मॅडर खोरेंहि येथेंच आश्रयास आलें.

पुढें रस्त्यावरील मोटारीला गतीहि मिळाली. जर्मनींतील फाल्लर कंपनीनें १९८९ सालीं एक सोपी युक्ति बाजारांत आणली. रस्त्याच्या पृष्ठाखालीं पोलादाची तार पुरावयाची. मोटारीच्या पुढील चाकांना जोडलेलें लोहचुंबक त्या तारेचा मागोवा घेतें, आणि पोटांतील लहानशा विजेरीवर गाडी स्वतः वळत चालते. २००१ सालीं हँबुर्ग येथें गेरिट व फ्रेडरिक ब्राउन या जुळ्या बंधूंनीं उघडलेल्या ‘मिनिआटुर वुंडरलँड’मध्यें याच तत्त्वाचा विकास होऊन शेंकडो मोटारी संगणकाच्या देखरेखीखालीं सिग्नलाशीं थांबतात व आगीच्या बंबाला वाट देतात. मराठी कुटुंबाला इतक्या दूर जावयाचें नसेल तर पुण्यास कोथरूड भागांत १९९८ पासून जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय आहे. तेथेंहि रुळांभोंवतीं दिव्यांचे खांब, कुंपणें आणि उड्डाणपूल यांचें एक शहर वसलेलें आहे.

पेंडनच्या खेड्यांतील एखादा घोड्याचा गाडा किंवा जाहिरात रंगविलेली जुनी डिंकी गाडी पाहिली म्हणजे या साऱ्या उद्योगाचा अर्थ ध्यानांत येतो. इंजिनाचे आराखडे रेल्वेच्या दप्तरांत जपले जातात. त्यांची नोंद ठेवणारे पुष्कळ. पण स्टेशनाबाहेर घोडा कोठें उभा राही, फलाटावरची पेटी दुकानापर्यंत कशांतून जाई, शेजारच्या घराचें छप्पर कसलें होतें, याची नोंद कोणत्याहि दप्तरांत नसते. ती केली त्या हौशी माणसांनीं, ज्यांना लोक खेळण्यांत रमलेले म्हणत. येत्या दिवाळींत मुलानें किल्ल्याच्या पायथ्याशीं आपल्या गल्लींतील रिक्षा आणून ठेवली, तर तिला तेथून उचलण्याची घाई वडील मंडळींनीं करूं नये.