रामाचा दिवस, कृष्णाची रात्र : दोन पाने एकमेकांविरुद्ध बोलतात तेव्हा

१/
पत्त्यांच्या डावातली भांडणे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात कोणीतरी लबाडी केलेली असते. पान उलटून दाखवले की ते भांडण मिटते. दुसऱ्या प्रकारात दोघेही खरे बोलत असतात. एकाच्या पानाचा नियम एक सांगतो, दुसऱ्याच्या पानाचा नेमके त्याच्या उलट, आणि दोन्ही नियम खेळाला मान्य असतात. या दुसऱ्या भांडणाचा इतिहास जुना आहे आणि त्याचा एक धागा सावंतवाडीतून जातो.

२/
सुरुवात मात्र मुंबईच्या उपनगरांतून करावी. गणपतीच्या जागरणाला मुलुंड, भांडुप, बोरिवलीच्या चाळींत आणि सोसायट्यांत मेंढीकोट रंगतो. चार खेळाडू, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी तेरा पाने. यात दश्शीचे स्थान चमत्कारिक आहे. बळाच्या क्रमात गुलाम, राणी, राजा, एक्का हे सारे तिच्या वर. डावाचे मोल मात्र तिच्यात. चारही दश्श्या एका बाजूला आल्या की कोट. दोन-दोन वाटल्या गेल्या तर ज्यांचे हात जास्त, त्यांचा डाव. हात तेरा असल्यामुळे तिथे बरोबरी संभवतच नाही. ज्याने कोणी हे ठरवले, त्याने पेच पडण्याआधीच तो सोडवून ठेवला.

३/
तरीही तंटा होतोच. एका घरात हुकूम बंद ठेवतात, दुसऱ्या घरात रंग नसलेला भिडू जे पान टाकेल त्याचाच हुकूम धरतात. दोन घरांची माणसे एका सतरंजीवर बसली की पाने वाटण्यापूर्वी हे विचारून घ्यावे लागते. आधी ठरले तर कोणाची हरकत नसते. तोच प्रश्न सातव्या हाताला निघाला, तर प्रत्येकाला आपल्या हातातल्या पानांना सोयीचा नियम आठवतो.

४/
म्हणजे विरोध मिटवणारा नियम डावाच्या आधी ठरलेला असावा लागतो आणि तो कोणाच्याही हातातल्या पानांवर अवलंबून नसावा लागतो. हे काम गंजिफा या खेळाने फार सुंदर रीतीने केले होते.

५/
गंजिफा इराणी परंपरेतून आली. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफाची पाने पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या दरबारातल्या खेळाचे वर्णन केले आहे. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने असत. या भूमीत तिने दशावताराचे रूप घेतले : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने. एकूण १२०.

६/
सावंतवाडीच्या दरबारात हा खेळ तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीत (१७५५ ते १८०३) रुजला, असे परंपरा सांगते. पाने गोल. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, त्यावर हाताने चित्र काढायचे, वर लाखेचा लेप. हे काम करणारे ते चितारी. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू. अक्षरओळख नसलेल्यालाही पान वाचता यावे, अशी ही मांडणी आहे.

७/
आता खेळातली मेख. राजा सर्वांत वर, त्याखाली प्रधान, हे दहाही रंगांत सारखेच. त्यापुढे मात्र वाट फुटते. पाच रंगांत प्रधानाखाली दहाचे पान, मग नऊ, आठ असे उतरत एक्का तळाशी. उरलेल्या पाच रंगांत प्रधानाखाली एक्का, मग दोन, तीन, आणि दहाचे पान तळाशी. मोगल गंजिफातही आठ रंगांची अशीच चार-चार विभागणी होती. एकच आकडा एका रंगात मातब्बर, दुसऱ्यात कवडीमोल.

८/
नवख्याला हे विनाकारण घातलेले कोडे वाटते. खेळताना मात्र त्याचा परिणाम कळतो. दशावतारी गंजिफात तिघे खेळतात, प्रत्येकी चाळीस पाने. इथे सर्व रंगांना कापणारा हुकमाचा रंग नाही. ‘हुकूम’ या शब्दाचा अर्थच इथे निराळा आहे : आपल्या रंगात त्या क्षणी ज्याच्यावर चढेल असे एकही पान शिल्लक नाही, ते पान हुकूम. राजा गेला की प्रधान हुकूम होतो. प्रधानही गेला की एका रंगात दहाचे पान उठून बसते, दुसऱ्यात एक्का. पानाचे बळ त्याच्यावर रंगवलेले नसते. आजवर काय काय पडून गेले, यावरून ते दर क्षणी नव्याने ठरते. १२० पाने दोन उलटसुलट क्रमांत लक्षात ठेवणारा जिंकतो. हा नशिबापेक्षा स्मरणाचा खेळ आहे.

९/
मग पहिली उतारी कोणाची? दहा राजे, दहाही आपापल्या रंगात सर्वश्रेष्ठ. त्यांतला थोर कोण, हे पाने सांगू शकत नाहीत. इथे गंजिफाने निवाडा आकाशाकडे सोपवला. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती, त्याची उतारी. रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती, त्याची. सूर्यवंशी राम दिवसाचा, सोमवंशात जन्मलेला कृष्ण रात्रीचा. मोगल गंजिफात हेच काम दोन नाण्यांकडे होते : दिवसा ‘सुर्ख’ म्हणजे सोन्याचे नाणे, रात्री ‘सफेद’ म्हणजे चांदीचे.

१०/
या तोडग्याचे खरे मोल त्यातल्या श्रद्धेपेक्षा त्याच्या निष्पक्षपणात आहे. सूर्य कोणाचाच भिडू नसतो. राजाच्या दरबारात राजाशीच खेळणाऱ्या आश्रिताला ‘आज आपली उतारी नाही’ असे म्हणण्याची सोय यात होती. खिडकीबाहेर पाहिले की पुरे. अर्थात निवाडा एवढ्याच एका प्रश्नाचा. बाकीचे पेच खेळाडूंच्या संकेतांवर सोडलेले होते.

११/
पाने आणि नियम वाढवत नेले तर काय होते, हे म्हैसूरला दिसले. मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४ ते १८६८) यांनी अनेक नवे खेळ रचले. त्यांतल्या सर्वांत मोठ्या खेळात अठरा रंग आणि ३६० पाने होती. राजवाड्याबाहेर तो फारसा पसरला नाही, यात नवल नाही. नियम मोजक्याच माणसांच्या डोक्यात राहिले की खेळ त्या माणसांबरोबर जातो.

१२/
हाच प्रश्न १९९३ साली अमेरिकेत नव्या वेषात उभा राहिला. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ आणला. यात प्रत्येकाचा कॅट वेगळा, स्वतः विकत घेऊन, अदलाबदल करून जमवलेला. आणि प्रत्येक पानावर त्या पानाचा स्वतःचा नियम छापलेला. अंधेरी-घाटकोपरची मुले आज अशा जातीचे जे जे खेळ खेळतात, त्यांचा हा मूळपुरुष.

१३/
इथे परस्परविरोध हा अपघात उरला नाही. तो खेळाचा गाभाच झाला. पायाभूत सूत्र असे : पानावरचा मजकूर आणि खेळाचा सर्वसाधारण नियम यांत विरोध आला, तर पान खरे. दोन पानांतच विरोध आला, एक म्हणते ‘करता येईल’ आणि दुसरे म्हणते ‘करता येणार नाही’, तर निषेध खरा. सुरुवातीला एवढ्यावर भागले. मग दरवर्षी शेकडो नवी पाने येत गेली आणि त्यांच्या जोड्या कोणी आधी तपासलेल्या नव्हत्या.

१४/
एक जोडी तर दंतकथेसारखी झाली आहे. १९९७ चे ‘ह्युमिलिटी’ हे पान सांगते : पटावरचे सर्व प्राणी आपापली शक्ती गमावतात आणि प्रत्येकाचे बळ एक होते. १९९९ चे ‘ओपलेसन्स’ सांगते : आपल्याखेरीज बाकीची मंत्रपाने प्राणी होतात आणि ज्याची जेवढी किंमत तेवढे त्याचे बळ. ह्युमिलिटी स्वतः मंत्रपान आहे, किंमत चार. दोन्ही पटावर आली की ह्युमिलिटी प्राणी बनते. प्राण्यांची शक्ती तर ती स्वतःच हिरावून घेते. मग तिची स्वतःचीही शक्ती गेली. शक्ती गेली तर हिरावणार कोण? आणि कोणीच हिरावत नसेल, तर तिची शक्ती शाबूत आहे. घाण्याच्या बैलासारखे विचार फिरत राहतात.

१५/
उत्तर म्हणून खेळाने थर आखून दिले. परिणाम कसेही लागू होत नाहीत. सात थरांत, ठरलेल्या क्रमानेच होतात. वस्तूची जात बदलणारे परिणाम आधी, शक्ती देणारे-घेणारे त्यानंतर, बळ बदलणारे शेवटी. एखादा परिणाम एका थरात सुरू झाला, तर पुढच्या थरांतही तो चालतो, मधल्या काळात त्याचे उगमस्थान पुसले गेले तरीही. म्हणून ह्युमिलिटी आधी प्राणी होते, मग सर्वांची आणि स्वतःची शक्ती काढून घेते, आणि तरी बळ एक करण्याचे तिचे उरलेले काम चालूच राहते. शेवटच्या थरात तिचे बळ एक की चार? दोन्ही पानांचा दावा सारखाच असल्यामुळे जे पान पटावर नंतर आले, त्याचे खरे. नंतरचे बलवान.

१६/
संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकाला हे वाचून गालात हसू येईल. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांतही दोन नियम एकाच जागी येऊन भिडतात, आणि तुल्यबळ विरोधात ‘पर’ कार्य करावे असे सूत्र त्याने स्वतःच दिले आहे. परंपरेने ‘पर’ म्हणजे ग्रंथात नंतर आलेला नियम, असा अर्थ घेतला. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो, हा उत्सर्ग-अपवादाचा न्यायही तिथे आहे. इतकेच काय, अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांतले नियम आधीच्या नियमांपुरते घडलेच नाहीत असे मानायचे, ही योजना थरांच्या कल्पनेशी चांगलीच मिळतीजुळती आहे.

१७/
या निवाड्यांची बारीक छाननी करणारा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ काशीला स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय पंडिताचा, काळे कुळातल्या नागेशभट्टांचा. पूर्व नियम, पर नियम, नित्य, अंतरंग आणि अपवाद अशी चढत्या बळाची उतरंड त्यात तपासली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी तो संपादून इंग्रजीत आणला. भाषांतर १८७४ चे. गारफील्डने यातले काही वाचले होते, असे म्हणण्याला काडीचाही आधार नाही. प्रश्न सारखा असला की उत्तरांची तोंडवळ सारखी येते, एवढेच.

१८/
आणि तो प्रश्न अजून मिटलेला नाही. २०२२ साली केंब्रिजमधून ऋषी राजपोपट या मुंबईकर तरुण अभ्यासकाचा प्रबंध गाजला. ‘पर’ म्हणजे ग्रंथात नंतरचा नव्हे, तर शब्दातल्या उजव्या बाजूच्या घटकाला लागू होणारा नियम, असा त्यांचा दावा. काही विद्वानांनी तो उचलून धरला, काहींनी कडाडून विरोध केला. विरोध मिटवण्यासाठी लिहिलेल्या सूत्राच्या अर्थाबद्दलच अडीच हजार वर्षांनी विरोध, हा प्रकार कोणत्याही डावात शोभला असता.

१९/
पुन्हा सावंतवाडीकडे. छापील, स्वस्त, चौकोनी पत्ते आले आणि गंजिफाचे गिऱ्हाईक आटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जाणणारे हात जवळजवळ संपले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. आज तिथे पाने रंगवली जातात, ती विकली जातात, सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही.

२०/
पण मानांकन वस्तूला मिळते, नियमाला मिळत नाही. ‘मॅजिक’चा नियमग्रंथ शेकडो पानांचा आहे, नव्या पानांबरोबर तो सुधारला जातो आणि कोणालाही फुकट वाचता येतो, म्हणून १९९३ चे पान आजही आजच्या पानाशी भिडवता येते. गंजिफाचे बरेचसे संकेत खेळणाऱ्यांच्या तोंडी होते. युरोपीय अभ्यासकांनी आणि इथल्या जाणकारांनी काही टिपून ठेवले, पण एका गावाचे संकेत दुसऱ्या गावाशी जुळतातच असे नाही, आणि सतरंजीवर बसून चूक सुधारणारा म्हातारा पुस्तकात सापडत नाही.

२१/
चतुर्थीला गावी गेलेली कुटुंबे परतताना लाकडी फळांच्या परडीबरोबर कधी गंजिफाची पेटीही आणतात. बोरिवलीच्या दिवाणखान्यात ती काचेमागे ठेवली जाते : मासा, कासव, वराह, परशू, घोडा. पाहुणे रंगांचे कौतुक करतात. दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची, एवढे एखाद्या आजोबांना आठवतेही. कोणत्या पाच रंगांत एक्का वर आणि कोणत्या पाचांत दहा वर, असे नातीने विचारले की ते चष्मा काढून पुसू लागतात.