यू, हाड आणि छू : कुत्र्यामांजरांच्या दिनक्रमाविषयी

मराठी खेड्यात कुत्र्याशी बोलायला तीन शब्द पुरतात. बोलवायचे असेल तर 'यू यू', हाकलायचे असेल तर 'हाड', आणि कुणाच्या अंगावर सोडायचे असेल तर 'छू'. मांजराची बोळवण त्याहून थोडक्यात होते. याउलट बैलाभोवती वेसण, कासरा, झूल, दावण असा शब्दांचा केवढा संसार उभा आहे! गोऱ्ह्याला औताची सवय लावणे हे शेतकऱ्याच्या घरी वर्षातले एक कार्यच असे. कुत्र्याला कुणी काही शिकवले, अशी नोंद मात्र भाषेत फारशी सापडत नाही. सापडते ती उलट साक्ष : शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. म्हणीचा रोख माणसांच्या स्वभावावर आहे हे खरे. पण प्राण्याला वळण लावण्याच्या खटाटोपाकडे आपण कोणत्या नजरेने पाहत आलो, हेही ती सांगून जाते.

ही साक्ष अपुरी आहे असे मला वाटते. आपल्याकडच्या कुत्र्याला दिनक्रम होता, शिक्षणही होते. पण ते घराच्या आणि शेताच्या कामात इतके मुरलेले होते की त्यासाठी वेगळा शब्द लागला नाही. शब्दाची गरज काम गेल्यावर पडली. हे ताडून पाहायला पुणे–नगर रस्त्यावरची सणसवाडी सोयीची आहे. कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मधले हे गाव शेतीतून कारखानदारीत एका पिढीत आले, आणि ज्या शिरूर तालुक्यात ते आहे तिथे माणूस आणि कुत्रा यांच्या सहवासाचा पुरावा तीन हजार वर्षांपलीकडचा आहे.

तो पुरावा घोड नदीकाठच्या इनामगावचा. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे दीड दशक तिथे उत्खनन केले आणि इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. घरे, चुली, धान्याच्या कणग्यांचे ओटे, जमिनीखाली पुरलेली बलदे, आणि गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या हाडांबरोबर कुत्र्याचीही हाडे. हाडे दिनक्रम सांगत नाहीत; पण जिथे धान्य साठते, जनावर बांधले जाते आणि उष्टे-खरकटे बाहेर टाकले जाते, तिथे कुत्र्याला जागा कुठे असणार हे वेगळे सांगावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या ब्राँझच्या प्रसिद्ध रथात ती जागा शिल्पकारानेच दाखवली आहे. दोन बैल, मागे उभा पुरुष, आणि मधल्या दांडीवर कुत्रा. त्या शिल्पाविषयी अभ्यासकांत पुष्कळ वाद झाले. कुत्र्याकडे वादात कुणी फारसे लक्ष दिले नाही. तो आपला तिथे उभा आहे.

लिखित नोंद मिळते ती राजवाड्यातून. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ ११२९च्या सुमाराचा. मराठीच्या अभ्यासकांना तो गीतविनोदातल्या ओवीच्या उल्लेखामुळे ठाऊक असतो : महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असे त्यात म्हटले आहे. पण त्याच विनोदविंशतीत 'सारमेयविनोद' नावाचे एक प्रकरण आहे, तिकडे आपण सहसा वळत नाही. कोणत्या प्रदेशातले कुत्रे चांगले, त्यांची लक्षणे कोणती, शिकारीवर त्यांना कसे सोडावे, असा त्याचा विषय. गंमत अशी की ओवी आणि कुत्रा दोन्ही एकाच ग्रंथात आले, पण ओवी आली कष्टकरी बाईच्या तोंडची आणि कुत्रा आला राजाच्या करमणुकीचा. कांडणाऱ्या बाईच्या अंगणातल्या कुत्र्याला सोमेश्वराच्या शंभर प्रकरणांत जागा नाही. याच ग्रंथात शिकवलेल्या चित्त्याकरवी हरणाची शिकार करण्याचेही वर्णन आहे. ही परंपरा कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकापर्यंत टिकली. तिथे आफ्रिकेतून आणलेले चित्तेही शिकवले जात, आणि डोळ्यांवर टोपी चढवून त्यांना माणसांची सवय लावली जाई. मांजरकुळातला प्राणी शिकत नाही, हा समज कोल्हापुरात कुणाला पटला नसता.

दरबारी कुत्र्याचा कळस साताऱ्याला. शाहू छत्रपतींचा (राज्यकाल १७०७ ते १७४९) खंड्या नावाचा कुत्रा. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला; त्याला जरीचे कपडे आणि दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, अशी हकीकत ग्रँट डफने नोंदवली आहे. डफला यात राजाचा विक्षिप्तपणा दिसला. संगम माहुलीला त्या कुत्र्याची म्हणून दाखवली जाणारी समाधी आहे. तिथे येणाऱ्या माणसांना विक्षिप्तपणा दिसत नसावा.

आता अंगणातल्या कुत्र्याकडे यावे. त्याच्या जेवणाची वेळ धर्माने ठरवून ठेवली होती. वैश्वदेवात भूमीवर ठेवायच्या बळींत कुत्र्याचा घास असतो, आणि ज्या घरी वैश्वदेव नव्हता त्या घरी कुत्र्याची भाकरी होती. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य खंडोबाच्या कुत्र्यालाही मिळतो. या भागात खंडोबा हे अनेकांचे कुलदैवत, आणि त्याचे वाघ्ये तर कोटंब्यातले अन्न जमिनीवर मांडून कुत्र्यासारखे भुंकत खातात. देवाचा कुत्रा होणे ही तिथे भक्तीची पायरी आहे. गुंथर सोंथायमर यांनी या परंपरेचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि त्यात धनगर, शिकारी व कुत्रा यांचे नाते किती जुने आहे ते दाखवले.

धनगरांच्या वाड्यावर हे नाते अजून चालते-बोलते आहे. पावसाळ्यात कोरड्या पठारावर आणि दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेवर मेंढरे हिंडतात. वाटेतला शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. घोड्यावर संसार लादलेला असतो, त्यात भांडी, कोंबड्या, नवी कोकरे, आणि कधी कुत्र्याची पिल्लेही. पिल्लू डोळे उघडते तेच मेंढरांच्या वासात. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ साली दाखवून दिले की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात राहील त्यांना ते आपले मानते. त्यानंतर रेमंड कॉपिंजर यांनी राखणीच्या कुत्र्यांवर काम करून सांगितले की मेंढरांची राखण ही मुख्यतः या सहवासाची करामत आहे, आज्ञांची नव्हे. वाड्यावर हे तत्त्व म्हणून कुणी सांगणार नाही. तिथे संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, उभे राहते. कुत्रे आपापल्या बाजूला जाऊन बसतात. रात्री लांडग्याची चाहूल लागली की उठतात, दिवसा कळपाच्या सावलीत झोपतात. रोज नवी जमीन, नवे वास, काही कोसांची चाल, आणि ठरलेल्या वेळी भाकरी. यात शिकवणे कुठले आणि जगणे कुठले, हे वेगळे काढता येत नाही.

मांजराचे प्रकरण याहून साधे. शिरूर-दौंडचा जिरायती पट्टा रब्बीच्या ज्वारीचा. ज्वारी घरात आली की कणगी, कणगी आली की उंदीर, आणि उंदीर आले की मांजर. त्याला कुणी पाळले असे म्हणण्यापेक्षा धान्याने ठेवून घेतले म्हणावे. दुधाची वाटी हा त्याच्या रात्रपाळीचा वरचा पगार.

मग हे मोडले कसे? शहरात आधी मोडले. मुंबईत १८३२च्या जूनमध्ये सरकारने बेवारशी कुत्रे मारण्याची मोहीम मारणाऱ्याला बक्षीस देऊन चालवली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. कुत्रा पारशी धर्मात पवित्र, हे कारण होतेच. पण त्यामागे दोन समजुतींची टक्कर होती. एकीकडे गल्लीचा कुत्रा, ज्याला अनेक घरे घास घालतात. दुसरीकडे मालक असलेला किंवा नसलेला, एवढ्या दोनच जाती मानणारा कायदा. तो वाद अजून मिटलेला नाही. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा आणि वेळा ठरवून द्याव्यात अशी तरतूद आहे. वैश्वदेवाची वेळ राजपत्रात आली, असे म्हणायचा मोह होतो.

ज्या कुत्र्याला काम राहिले त्याचे शिक्षण या काळात उलट शास्त्रशुद्ध झाले. मुंबईच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर हा लॅब्राडोर पुण्याच्या शिवाजीनगरला, गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला. १९९३च्या स्फोटांनंतर त्याने शोधून दिलेल्या आरडीएक्सचा आकडा ३ हजार किलोंच्या वर सांगितला जातो. २०००च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. अशा कुत्र्याला स्फोटकात काही रस नसतो. त्याला हवा असतो तो वास सापडल्यावर मिळणारा खेळ किंवा खाऊ, आणि रोज तोच सांभाळणारा माणूस. खरारा, चालणे, शोध, खेळ, जेवण, विश्रांती : हा क्रम मोडला की कामही मोडते. धनगरी कुत्र्याचा दिवस इथे वेळापत्रक होऊन भिंतीवर लागलेला आहे, एवढेच.

काम नसलेल्या प्राण्याचा प्रश्न प्रथम प्राणिसंग्रहालयांत विचारला गेला. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी १९४२ सालच्या ग्रंथात बंदिवासातल्या प्राण्याचे दुःख रिकामपणात आहे असे मांडले, आणि शिकवणे हाही त्यावरचा एक उपाय मानला. पुढे त्यातून जे शास्त्र निघाले त्याला आपल्याकडे 'समृद्धीकरण' म्हणतात. शब्द कानाला खताच्या जाहिरातीसारखा लागतो. अर्थ मात्र साधा आहे. खाणे ताटलीत न देता शोधायला लावावे. फिरायला नेल्यावर ओढत न नेता हुंगू द्यावे. पिल्लाला लहानपणीच माणसे, वाहने, आवाज यांची ओळख करून द्यावी. मांजराला चढायला उंच फळी द्यावी आणि दिवसातून दोनदा दोरीमागे धावू द्यावे. शेवटी हाती काहीतरी लागू द्यावे, नाहीतर शिकार अर्धी राहते. यातली एकही गोष्ट वाड्यावरच्या कुत्र्याला किंवा कणगीखालच्या मांजराला नवी नाही.

सणसवाडीत आज हा प्रश्न प्राणिसंग्रहालयातला राहिलेला नाही. शेताच्या जागी शेड आली, घरातली माणसे तीन पाळ्यांत विभागली, धान्य पोत्यातून नव्हे तर पिशवीतून येऊ लागले. कुत्र्याला राखायला खळे उरले नाही आणि घराची एक अशी वेळ उरली नाही. मग तो दिवसभर साखळीला असतो, आणि भुंकतो म्हणून शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. ज्या प्राण्याला हजारो वर्षे भुंकण्यासाठीच भाकरी दिली, त्याच्याविषयीची ही तक्रार ऐकताना हसावे की नाही कळत नाही. अशा घराला जमण्यासारखे एकच : पाळी कोणतीही असो, घरातल्या एका माणसाने फिरण्याची आणि जेवणाची वेळ धरून ठेवणे.

साखळीचा दुसरा हिशेब पलीकडच्या उसात आहे. कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्या स्थिरावला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात (२०१४) बिबट्याच्या आहाराचा ३९ टक्के भाग कुत्र्यांचा निघाला, त्याखालोखाल मांजरांचा. मोकळा कुत्रा निदान पळू शकतो. रात्री अंगणात बांधलेला कुत्रा राखण करत नाही, तो आमिष होतो. मेंढरे राखणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचा पट्टा घालण्याची युक्ती जगभरच्या मेंढपाळांत जुनी आहे, कारण श्वापद नरडे धरते. शिरूर तालुक्यातल्याच पिंपरखेडला २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, आणि त्यानंतर रानात कामाला जाणाऱ्या तिथल्या बायाबापड्यांनी तसले खिळ्यांचे पट्टे स्वतःच्या गळ्यात घातले.