फाटक्या आवाजाची गोष्ट

आमच्या पोखर्णीचे दैवत नृसिंह. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमच्या स्टेशनच्या नावातसुद्धा देवाचे नाव आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंहजन्माचे आख्यान लागले की कीर्तनकारबुवा खांबाच्या प्रसंगाशी येऊन क्षणभर थांबतात, आणि मग हिरण्यकश्यपूची लाथ, खांबाचा कडकडाट आणि देवाची गर्जना हे सारे एकट्या गळ्यातून उभे करतात. ब्रह्मांड फुटते की काय असा तो नाद होता, असे भागवतकार सांगतात. तेवढा नाद माणसाच्या गळ्यातून निघायचा नाही, हे बुवांनाही ठाऊक असते आणि श्रोत्यांनाही. म्हणून बुवा आवाज चढवतात, तो थोडा फुटतो, चिरतो, आणि नेमक्या त्या चिरलेल्या आवाजानेच अंगावर काटा येतो. गोड गळ्याने नृसिंह प्रगट होत नाही.

आवाज फाटणे हा एरवी दोषच. पण हा दोष जगाच्या एका कोपऱ्यात गुण कसा ठरला आणि त्यावर एक अवघे संगीत कसे उभे राहिले, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. तरुणपणी मी रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त करण्याचे काम करीत असे, त्यामुळे या हकीकतीची यंत्राकडची बाजू मला थोडीफार हाताने ठाऊक आहे. इतिहासाची बाजू मी मागाहून वाचून घेतली.

विजेने आवाज वाढवण्याची विद्या फारशी जुनी नाही. लोकमान्यांनी हजारोंच्या सभा गाजवल्या त्या नुसत्या आवाजाच्या बळावर. बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळात नाटकगृहातल्या शेवटच्या रांगेतल्या गृहस्थाला पद ऐकू गेले पाहिजे, ही जबाबदारी नटाच्या छातीची असे. तिकडे अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने १९०६ साली तीन विद्युदग्रांची काचनळी तयार केली. आपण जिला रेडिओचा व्हॉल्व्ह म्हणत होतो, तिची ही पूर्वज. पीटर जेन्सेन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या जनसमुदायापुढे आपला लाउडस्पीकर वाजवून दाखवला. चारच वर्षांनी, १९१९ मध्ये, अध्यक्ष विल्सन यांनी सॅन डिएगोत हजारो लोकांपुढे केलेले भाषण अशाच यंत्रातून ऐकवण्यात आले. पुढे १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा स्पीकर सिद्ध केला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच घराण्यातले आहेत.

या सर्व शोधकांचे ध्येय एकच होते. आत जाईल तसाच आवाज बाहेर यावा, फक्त मोठा होऊन यावा. त्यात कसलीही भर पडू नये, काही उणे होऊ नये. अँप्लिफायर म्हणजे त्यांच्या मते प्रामाणिक निरोप्या.

आता आपण कापसाच्या शेतात जाऊ. परभणीच्या वाचकाला ही वाट अनोळखी वाटायची नाही. आपली काळी माती जशी कापसाची, तसा अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचा दुआबही कापसाचाच. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या युद्धाने तिथली गुलामगिरी संपली, परंतु कापूस वेचणारे हात तेच राहिले आणि दारिद्र्यही तेच राहिले. त्या काळ्या मजुरांच्या दुःखातून जे गाणे निपजले ते ब्ल्यूज. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत सासुरवाशीण जसे मनातले बोलते, तसेच ते बोलणे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. साथीला स्वस्तातली गिटार.

१९४४ साली मिसिसिपीतल्या एका मळ्यात यंत्राने कापूस वेचून दाखवण्यात आला. त्याच्या किती तरी आधीपासून माणसे शिकागोच्या कारखान्यांकडे निघालीच होती. यंत्राने ती वाट आणखी रुंद केली. मडी वॉटर्स नावाचा मळ्यावरचा गायक १९४३ मध्ये शिकागोला गेला. गावाकडच्या ओसरीवर जी गिटार पुरे पडत होती, ती शहरातल्या दारूच्या गुत्त्यात, शंभर माणसांच्या गलबल्यात ऐकूच येईना. म्हणून त्याने विजेची गिटार धरली. विजेची गिटार तोवर निघून दहाएक वर्षे झाली होती, आणि गंमत अशी की तिचा पहिला यशस्वी अवतार १९३० नंतर लगेचच आला तो हवाई बेटांच्या धर्तीची, मांडीवर आडवी धरून वाजवायची गिटार म्हणून. ही हवायन गिटार आपल्या आईवडिलांच्या पिढीला परकी नव्हती. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी तिच्यावर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघर वाजत होत्या.

गुत्त्यातल्या वादकांपाशी पैसा बेताचाच. अँप्लिफायर लहान, आणि गलबला मोठा. मग आवाजाची कळ शेवटापर्यंत पिळायची. व्हॉल्व्हची ताकद संपली की तो सूर जसाच्या तसा देईना; आवाज फाटू लागला. आमच्या दुकानात असा संच आला असता तर आम्ही तो दुरुस्तीला घेतला असता! पण वादकाच्या ध्यानात आले की फाटलेला सूर लवकर विझत नाही, तो लांबतो, आणि गळा दाटून आलेल्या माणसासारखा बोलतो. १९५१ मध्ये मेम्फिस शहरी एका वाद्यवृंदाचा स्पीकर प्रवासात फाटला आणि ध्वनिमुद्रणाची वेळ झाली म्हणून कागद कोंबून तसाच वाजवला, असे सांगतात. ती तबकडी अमाप खपली. पुढे १९६४ मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिस या पोराने तर चांगल्या स्पीकरचा पडदा ब्लेडने मुद्दाम चिरला. अपघाताची रीत झाली ती अशी.

कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. आमच्याच जातकुळीचा, म्हणून मला त्याचे विशेष कौतुक. त्याने १९३८ मध्ये दुकान घातले आणि पुढे गिटारी व अँप्लिफायर बनवू लागला. त्याचा ‘बेसमन’ हा संच खर्जाच्या गिटारीसाठी केलेला. पण १९५० च्या दशकातला, दहा इंची चार स्पीकरांचा बेसमन ब्ल्यूजवाल्यांनी आपल्या गिटारीसाठी पळवला. लंडनजवळ हॅनवेल येथे जिम मार्शल याचे ढोलताशांचे दुकान होते. गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून १९६२ साली त्याच्या माणसांनी बेसमनचा नकाशा पुढे ठेवून इंग्लंडात मिळणाऱ्या सामानातून तसाच संच जुळवला. व्हॉल्व्ह निराळे, स्पीकर निराळे, त्यामुळे नकलेतून अस्सल निराळाच आवाज निघाला. एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या तबकडीसाठी मार्शलचा संच स्टुडिओत पूर्ण आवाजात वाजवला, आणि आज ज्याला क्लासिक रॉक म्हणतात त्याचा पाया पक्का झाला. त्याच दशकात बीटल्सच्या पाठीशी व्हॉक्स कंपनीचे तीस वॅटचे संच उभे होते. त्यांचा आवाज घंटेसारखा टणत्कारी. फेंडरचा आवाज स्वच्छ आणि भरीव, मार्शलचा गुरगुरणारा, व्हॉक्सचा खणखणीत. ही तीन घराणी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आणि आपल्याकडे? कोकणातून, देशावरून माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. त्या कामगारांसाठी १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्याच गिरणगावात आणि कोकणात बेंजो रुजला. हे वाद्य मूळचे जपानी; नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता याने ते केले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा आणि तारा. आपल्या कारागिरांनी त्याला विजेचा कान लावला, अँप्लिफायर जोडला, आणि गणपतीच्या मिरवणुकीत कर्ण्यातून तो असा वाजू लागला की बाजूचा ताशाही त्याला झाकू शकेना. त्या फाटक्या, धारदार सुरात आणि शिकागोच्या गुत्त्यातल्या सुरात मला सख्खे नाते दिसते. दोन्हीकडे गाव सोडून आलेली माणसे, दोन्हीकडे शहराचा गलबला, दोन्हीकडे स्वस्त यंत्र, आणि ऐकले जावे ही एकच इच्छा.

फाटलेला सूर गोड का लागतो? आपल्या संगीतात याचे उत्तर आधीपासून आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात. मिरजेचे कारागीर या कामासाठी नावाजलेले. जवारीशिवाय तार स्वच्छ वाजते, पण मुकी वाजते. जवारी लागली की षड्जातून तार षड्ज, त्याचा पंचम, वरचा गंधार असे स्वर आपोआप झरू लागतात. व्हॉल्व्ह थकला म्हणजे तो हेच करतो. लाटेचा माथा तो हळूहळू चेपतो, आणि त्या चेपण्यातून मूळ सुराचे वरचे सोबती जन्मतात. साधा ट्रान्झिस्टर तोच माथा सुरीने कापल्यासारखा कापतो, म्हणून कानाला टोचतो. फाटक्या आवाजात सगळे स्वर एकदम छेडले तर चिखल होतो. सा आणि प एवढेच छेडले तर डोंगर उभा राहतो. रॉकवाले बहुतेक तेवढेच छेडतात.

हे सारे पुन्हा उजळण्याचे कारण माझा पुतण्या. तो पुण्यास नोकरी करतो, दोन खोल्यांत राहतो आणि ब्ल्यूज वाजवतो. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्ल्यूजचा महोत्सव सुरू झाला. शिकागोचे बडी गाय तिथे येऊन वाजवून गेले, तेव्हापासून या पोराला चैन नाही. वर्षभराची शिल्लक हाती घेऊन त्याने विचारले, “काका, शंभर वॅटचा मार्शल घेऊ का?”

मी त्याला जे सांगितले ते वाचकांतल्या इतर काकांनाही उपयोगी पडावे. वॅट दहापट केले तरी कानाला आवाज सुमारे दुप्पटच वाटतो. म्हणजे शंभर वॅट हे दहा वॅटच्या दहापट मोठे नव्हेत. व्हॉल्व्ह दमेपर्यंत वाजवावा तेव्हाच तो बोलतो. शंभर वॅटचा संच दमवायला मैदान लागते, दोन खोल्यांत तो आयुष्यभर कुजबुजतच राहील. घरासाठी एक ते पाच वॅट, लहान सभागृहासाठी पंधरा-वीस, आणि त्याहून मोठी जागा असेल तर त्याच लहान संचापुढे माइक ठेवावा. क्लॅप्टननेच १९७० च्या सुमारास फेंडरच्या चिमुकल्या पाच वॅटच्या संचावर मोठमोठी गाणी मुद्रित केली.

पैसे वाचतील ते स्पीकरवर घाल, असे मी म्हटले. गिटारीचा बारा इंची स्पीकर पाच हजार कंपनांवरचे स्वर फारसे देत नाही. फाटलेल्या आवाजातली कचकच तो आपणच गाळतो. भजनी मंडळाचा अँप्लिफायर आणि भोंगा बोलण्यासाठी केलेला असतो. त्यात खर्ज मरतो आणि कचकच तेवढी उरते. अमेरिकेहून आणलेला संच आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावू नये. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा संच वाजवू नये, त्याचा ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि संच बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये जीवघेणा दाब साठून राहतो, तेव्हा पेचकस घेऊन शहाणपणा करू नये. व्हॉल्व्हची सारी नक्कल करणारे संगणकी संचही आता निघाले आहेत आणि ते बरे वाजतात. भाड्याच्या घरात, कानाला हेडफोन लावून शिकायला तेच सोयीचे.

“पण काका, मोठा घेतला तर रुबाब राहील,” तो म्हणाला.

“रुबाब शेजाऱ्यांना ऐकवायचा की गाणे?” मी विचारले. तो हसला, आणि पाच वॅटचा घेऊन मोकळा झाला.

मला यात फक्त त्याच्या पैशाची काळजी नव्हती. आवाज वाढवण्याचे यंत्र ज्यांनी प्रथम पोटतिडकीने हाती घेतले, त्यांना कोणी ऐकत नव्हते म्हणून त्यांनी ते घेतले. आज गावोगावी मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर लागतात ते अशासाठी लागतात का? २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांवर बंदी घातली आणि वस्तीसाठी दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली. कायदा आपल्या जागी योग्यच आहे. तरीही डेसिबल मोजणाऱ्या यंत्राला सूर आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही. तो आपल्याच कानांनी राखायचा आहे. नृसिंहाने गर्जना केली ती एका लेकराची हाक ऐकून. आधी हाक ऐकू आली, गर्जना मागून आली. हा क्रम उलटा झाला की उरतो तो नुसता भोंगा.

या दिवाळीत फटाक्यांच्या दोन माळांमध्ये क्षणभर शांतता पडेल, तेव्हा एखादा अभंग, एखादी ओवी, नाहीतर पुतण्याच्या पाच वॅटमधून येणारा एखादा चिरलेला सूर ऐकून पाहावा. फाटलेल्या आवाजातही सांगणारा खरा असेल, तर तो नीट ऐकू येतो.