त्याचं नाव काय?

सिल्लोड तालुक्यातल्या एका गावात माझ्या मामूंची मिरची असे. पानं वर वळून द्रोणासारखी झाली, की मामू म्हणत, ‘चुरडा आला,’ आणि पाठीवर फवारणीचा पंप चढवत. एकदा मी तिथं असताना माझ्या मामेभावानं मिरचीची चार-दोन फुलं पांढऱ्या कागदावर झटकली. तो तेव्हा कृषी शाळेत शिकत होता. कागदावर सुताच्या तुकड्यांसारखे पिवळसर फुलकिडे धावू लागले. त्यांच्यात तिळाहून लहान, काळपट, चपटा असा एक किडा होता. भावानं भिंग माझ्या हाती दिलं. त्या किड्यानं आपली सोंड एका फुलकिड्याच्या अंगात खुपसली होती.

‘अब्बा, हा आपला आहे. आज फवारू नका,’ भाऊ म्हणाला.

मामूंनी विचारलं, ‘आपला? मग त्याचं नाव काय?’

भावाला नाव सांगता आलं नाही. मामू हसले आणि पंप घेऊन वाफ्यात शिरले. संध्याकाळी आम्ही पुन्हा फुलं झटकली. तो काळा किडा कुठं दिसला नाही.

मी कीटकशास्त्राचा माणूस नव्हे. बीए झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण मामूंचा प्रश्न डोक्यात राहिला. उत्तर शोधताना कळलं, की हे नाव नीट ठरायला माणसांना दोनशेहून अधिक वर्षं लागली आहेत.

हा किडा ढेकणाच्या गोतातला. स्वीडनच्या लिनियसनं 1758 मध्ये घरातल्या ढेकणाला ‘सायमेक्स’ नाव दिलं आणि झाडांवरचे कितीतरी ढेकणेही त्याच नावाखाली घातले. पुढं 1814 मध्ये फॅलेन या दुसऱ्या स्वीडिश अभ्यासकानं फुलांवरच्या बारक्या ढेकण्यांसाठी ‘अँथोकोरिस’ असं नाव काढलं. ग्रीक भाषेत अँथोस म्हणजे फूल आणि कोरिस म्हणजे ढेकूण. फुलावरचा ढेकूण! मामूंना हे नाव नक्की आवडलं असतं.

खरी गंमत अमेरिकेत झाली. इंडियाना राज्यात न्यू हार्मनी नावाची एक वसाहत होती. सगळ्यांनी मिळून कसावं, मिळून खावं, अशा स्वप्नावर ती वसली होती. 1826 मध्ये तिथं विद्वानांची एक नावच येऊन लागली. त्यांत थॉमस से हा निसर्गअभ्यासक होता. ते स्वप्न लवकरच मोडलं, पण से तिथंच राहिला. 1832 मध्ये त्यानं अशाच एका बारक्या ढेकण्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘इन्सिडिओसस’ म्हटलं, म्हणजे दबा धरून बसणारा. तो दुसऱ्या किड्यांना खातो म्हणून त्याला मोठ्या शिकारी ढेकण्यांच्या पंगतीत, ‘रेडुव्हियस’मध्ये बसवलं. दोन वर्षांनी, 1834 मध्ये से वारला. त्यानं जमवलेल्या किड्यांपैकी बहुतेक नमुने पुढं दुसऱ्या किड्यांनीच खाऊन टाकले. राहिले ते त्याचे शब्द.

त्या शब्दांवर पुढची पिढी काम करत राहिली. बोहेमियात न्यायालयाच्या नोकरीत असलेल्या फीबरनं 1860 मध्ये या बारक्यांना ‘ट्रिफ्लेप्स’ असं वेगळं घर दिलं. पण वोल्फनं 1811 मध्येच ‘ओरियस’ हे नाव छापलं होतं. कीटकशास्त्रात आधी छापलेल्या नावाचा मान मोठा, म्हणून अखेर ओरियस टिकलं.

आपल्याकडची कथा याहून गुंतागुंतीची. रशियन सैन्यातला अधिकारी मोचुल्स्की यानं 1863 मध्ये सिलोनमधल्या एका ढेकण्याला ‘टँटिलस’ म्हटलं, म्हणजे इतकुसा. पण दोन मिलिमीटरचे हे सगळेच किडे वरून सारखे दिसतात. मग तो इतकुसा नेमका कोणता? लंडनच्या कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूट ऑफ एंटोमॉलॉजीतले एम. एस. के. घौरी यांनी 1972 मध्ये या प्रश्नावर एक निबंध छापला. असे किडे ओळखायचे, तर सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या शेपटाकडचा, पिळासारखा वळलेला एक अवयव पाहावा लागतो. त्यावरचा दात कुठं आणि केवढा, यावर जात ठरते. घौरींनी त्याच निबंधात एका नव्या जातीला ‘मॅक्सिडेंटेक्स’ म्हटलं. मोठा दात त्या नावातच आहे. या दोन्ही जाती आपल्या देशातल्या पिकांवर सापडतात.

एवढ्याशा दातासाठी एवढा खटाटोप का, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर युरोपच्या काचघरांत मिळालं. 1983 मध्ये हॉलंडमध्ये अमेरिकेतला एक फुलकिडा शिरला आणि ढोबळी मिरचीचा शत्रू झाला. त्याच्यावर सेचा तो दबा धरणारा ढेकण्या सोडून पाहिला. पण दिवस लहान झाले, की त्याची मादी अंडी घालणं थांबवते. भूमध्य समुद्राकडच्या ‘लेव्हिगॅटस’ या त्याच्या भावंडाला लहान दिवसांचं तेवढं वावडं नाही. दोघे दिसायला जवळजवळ सारखे, पण हिवाळ्यात एक थांबतो आणि दुसरा काम करतो. नाव चुकलं असतं, तर बागाईतदाराचे पैसे मातीत गेले असते.

आपल्याकडं बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत याच कुळातल्या ‘ब्लॅप्टोस्टेथस’ला तांदळाच्या पतंगाची अंडी खायला घालून वाढवण्याची रीत बसवली गेली. आणि 2021 मध्ये तेलंगण, आंध्र, कर्नाटकातल्या मिरचीवर ‘पार्व्हिस्पायनस’ हा परका फुलकिडा तुटून पडला, तेव्हा फवाऱ्यावर फवारे मारूनही अनेकांचं पीक हातचं गेलं. अशा वेळी फुलात कोण मित्र बसला आहे, हे माहीत असणं ही चैन राहत नाही.

मामू आता नाहीत. त्या दिवशी ते चुकले असं मला म्हणवत नाही. ज्याचं नाव सांगता येत नाही, त्याच्यासाठी हातातला पंप कोण खाली ठेवील? चूक असलीच, तर आम्हा शिकलेल्यांची. नाव पुस्तकात होतं आणि ते आम्ही वाफ्यापर्यंत आणलं नव्हतं. तेव्हा मंडळी, मिरचीला फूल आलं, की फवारणीआधी चार फुलं पांढऱ्या कागदावर झटकून पाहा. तिळाहून लहान, काळा, चपळ असा कुणी दिसला, तर त्याला ओरियस म्हणा. पुढची जात सूक्ष्मदर्शकवाले सांगतील.