रोज तडकणारे धरण

धरण अभियांत्रिकीच्या शोधनिबंधांत एक आकृती पुन्हा पुन्हा भेटते. उंची १०३ मीटर, पायथ्याशी रुंदी सुमारे ७० मीटर, माथ्यावर १४.८ मीटर. पाण्याकडची बाजू जवळजवळ उभी. मागच्या बाजूचा उतार मात्र ६६.५ मीटर उंचीवर एकदम मोडतो आणि तिथून वर भिंत सडसडीत होऊन ताठ चढते. भरलेल्या जलाशयाची खोली ९१.७५ मीटर धरलेली असते. या आकृतीला संगणकात दहा सेकंद हलवायचे आणि तडा कुठून सुटतो, कसा पसरतो हे पाहायचे, असा हा प्रयोग. तो कॅनडात झाला आहे, चीनमध्ये झाला आहे, इराणमध्ये झाला आहे. काँक्रीट कसे फुटते याचे नवे गणित कोणी मांडले की ते आधी या आकृतीवर तपासून पाहण्याची जणू रीतच पडली आहे. ‘अबॅकस’ या प्रसिद्ध गणन-प्रणालीबरोबर जी नमुना उदाहरणे मिळतात, त्यांतही ती आहे. आकृतीचे नाव कोयना.

गेली काही वर्षे मी हे निबंध जमवतो आहे. अभियांत्रिकीची पदवी माझ्याकडे नाही. समीकरणांपाशी अडलो की पाठ्यपुस्तक उघडायचे, नाहीतर पुढे आकृत्यांकडे जायचे, असे माझे वाचन. पण वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली आणि मग ती डोक्यातून जाईना. ज्या आकाराचे धरण जगभरच्या संगणकांत तडकत असते, त्या आकाराचे धरण आज सातारा जिल्ह्यात नाही. १९६७च्या भूकंपानंतर त्याला मागून काँक्रीटची भर घातली गेली. पाणी न सांडणाऱ्या भागाचे हे काम १९७३पर्यंत झाले आणि सांडव्याच्या भागाचे बळकटीकरण पुढे २००६ साली. शास्त्राने जपून ठेवले आहे ते त्या पहाटेचे धरण.

तो मोडता उतार आला कुठून, याचे उत्तर धरणाच्या बांधकामात आहे. कोयनेचे काम १९५४ साली सुरू झाले. धरण टप्प्याटप्प्याने वाढवायचे, असा मूळ बेत होता. काम चालू असतानाच पूर्ण उंची एकदम गाठायचे ठरले, आणि आधीच्या आराखड्यावर वरचा भाग चढवताना हा नेहमीपेक्षा वेगळा छेद तयार झाला. घाई का होती, हे त्या काळातली वर्तमानपत्रे चाळली तरी कळते. पूर्वेला वाहणारे पाणी अडवून बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडायचे होते. विजेसाठी नवे राज्य आसुसलेले होते. ‘महाराष्ट्राची भाग्यरेषा’ हे बिरुद कोयनेला उगाच चिकटलेले नाही. काँक्रीटमध्ये मोठाले दगड बसवून, म्हणजे रबल काँक्रीटमध्ये, हे धरण उभे राहिले. भूकंपाचाही विचार झाला होता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे धरणाच्या वजनाच्या पाच टक्के इतका आडवा जोर धरून हिशेब केला होता. दख्खनच्या काळ्या कातळाला हलणे माहीत नाही, अशी तेव्हा भूशास्त्राचीही समजूत होती. त्या मानाने पाच टक्के ही सावधगिरीच म्हणायची.

१९६२पासून शिवसागरात पाणी साठू लागले आणि लवकरच परिसरात हादरे जाणवू लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ साली तिथे भूकंपमापकांचे जाळे बसवायला सुरुवात केली. पुढच्या साऱ्या कथेचा टेकू हा निर्णय आहे. धरणातल्याच एका मोनोलिथच्या, म्हणजे धरण ज्या सुट्या उभ्या ठोकळ्यांनी बनते त्यांपैकी एकाच्या, गॅलरीत जोरदार हादऱ्याची नोंद घेणारे त्वरणमापक यंत्र बसले. असे यंत्र वर्षानुवर्षे गप्प असते. हादरा आला की आपोआप जागे होते आणि फिल्मवर तीन रेषा काढते: दोन आडव्या हालचालींच्या, एक उभ्या हालचालीची.

१३ सप्टेंबर १९६७ रोजी पाच रिश्टरच्या पुढचा धक्का बसला. मग ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता आज ६.३ मानतात. यंत्राने तीन रेषा काढल्या. आडव्या दिशेत जमिनीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याच्या आसपास गेलेले होते. हिशेबातला पाच टक्क्यांचा आकडा आणि हा पन्नास टक्क्यांचा आकडा शेजारी ठेवून ‘दहापट!’ म्हणण्याचा मोह होतो, पण ती तुलना सरळ नाही. पहिला आकडा सतत लावलेल्या जोराचा, दुसरा क्षणभराच्या शिखराचा. तरीही अंतर एवढे की ते कोणत्याही सबबीने मिटत नव्हते.

धरण फुटले नाही. पानशेत फुटून सहाच वर्षे झाली होती, आणि कोयनेच्या खाली कऱ्हाड होते, सांगली होती. त्या सकाळी नदीकाठच्या गावांना काय वाटले असेल हे वेगळे सांगायला नको. परंतु सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच मोनोलिथांना पुढून आणि मागून आडवे तडे गेले होते. तडे होते ते उतार मोडतो त्या उंचीच्या आसपास. काही ठिकाणी मागच्या अंगाला पाझर दिसला. पाणी भरलेल्या धरणावर तातडीने पोलादी केबलींनी ताण देऊन वरचा भाग आवळण्यात आला, तड्यांत इपॉक्सी भरण्यात आले, आणि मग कायमच्या बळकटीकरणाचा विचार सुरू झाला.

इथून पुढचा भाग कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात घडला. अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी पी. चक्रवर्ती यांनी कोयनेची ती नोंद घेतली, धरणाचा छेद लहान लहान तुकड्यांत विभागला आणि क्षणाक्षणाला कुठे किती ताण येतो हे संगणकावर काढले. १९७२-७३मध्ये त्यांचे निबंध आले. उत्तर असे की उतार मोडतो तिथे खेचणारा ताण काँक्रीटच्या ताणशक्तीच्या दुपटी-तिपटीपर्यंत जात होता. दाबाखाली काँक्रीट बलवान, खेचले की दुबळे. तडे जिथे गेले तिथेच गणिताने बोट ठेवले.

यातली खरी मेख आता नीट पाहू. जुन्या रीतीने हिशेब केला तर या धरणात कुठेही तडा जाण्याजोगा ताण निघत नव्हता. आकडा लहान घेतला होता हे त्याचे एक कारण, पण एकटे तेवढेच नव्हे. जुनी रीत धरणाला एक घट्ट दगड मानते. पायथ्याला जेवढा झटका, तेवढाच माथ्याला. प्रत्यक्षात शंभर मीटरची भिंत लवते. बुंधा जरासा हलला की झाडाचा शेंडा जास्त झुलतो, तसा धरणाचा माथा पायापेक्षा कितीतरी जोराने झुलतो. त्यामुळे संकट तळाशी येत नाही, वरच्या तिसऱ्या भागात येते. आणि माथा तर धरण बांधणारे मुद्दाम जाड ठेवतात, वरून रस्ता जावा म्हणून, वाहून आलेल्या ओंडक्यांचे धक्के सोसावेत म्हणून. तो जादा भारच भूकंपात खाली ताण वाढवतो. चोप्रांनी कॅलिफोर्नियातल्या पाइन फ्लॅटसारख्या नेहमीच्या आकाराच्या धरणांचाही हिशेब केला. तिथेही ताण नको तेवढे निघाले. म्हणजे कोयनेच्या विचित्र छेदावर खापर फोडून बाकीच्यांना सुटता येणार नव्हते. धरणांची भूकंपासाठी आखणी करण्याची जुनी रीत या एका उदाहरणाने खिळखिळी झाली.

चोप्रांच्या गणितात धरण तडा जाईपर्यंत अखंडच होते. ताण एवढा, म्हणून तडा जाईल, इतके ते सांगे. तडा गेल्यावर काय? तो मिटतो, पुन्हा उघडतो, दाब आला की बंद होतो. हे धरायला पुढची पंचवीस वर्षे लागली. १९९८ साली ली आणि फेन्व्हस यांनी काँक्रीटच्या हानीचे जे गणित दिले, ते कोयनेवरच तपासले गेले, आणि तिथून ही आकृती नमुना-प्रश्न म्हणून कायमची रुजली. तीन गोष्टी एकत्र मिळणारी जागा दुसरी सापडतच नव्हती: धरणातच टिपलेला हादरा, माहीत असलेला छेद आणि डोळ्यांनी पाहिलेले तडे.

जमिनीखाली काय झाले, हा शास्त्राचा दुसरा धागा. धरणामुळेच भूकंप झाला का, यावर बराच काळ मतभेद होते, आणि ते निव्वळ शास्त्रीय नव्हते हे उघड आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी जलाशयाची पातळी आणि हादरे यांचे आलेख जुळवले. पाणी किती वेगाने चढले, किती उंच गेले, किती दिवस तिथे राहिले, या तिन्हींशी हादऱ्यांचे नाते दिसत होते. करिबा, क्रेमास्ता, चीनमधले शिनफेंगजियांग, इथेही साठच्या दशकात मोठ्या जलाशयांपाशी सहाच्या पुढचे भूकंप झालेले होते. आज शब्दही नेमका झाला आहे. भूकंप जलाशयाने ‘निर्माण केला’ असे म्हणत नाहीत, जलाशयाने त्याला ‘चालना दिली’ असे म्हणतात. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर घट्ट बसाव्यात तसे भ्रंशाचे दोन भाग आधीच तणावात अडकलेले असतात. फटीत पाण्याचा दाब वाढला की पकड ढिली होते. १९८५पासून दक्षिणेला वारणेचे पाणी साठू लागले, आणि पुढे हादऱ्यांचा पट्टाही तिकडे सरकला. साठ वर्षे झाली तरी हे हादरे थांबलेले नाहीत, आणि सारे जेमतेम वीस-तीस किलोमीटरच्या चौकटीत. म्हणूनच गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविहीर घेतली गेली. ती २०१७ साली पुरी झाली. कऱ्हाडजवळ हजारमाची इथे त्यासाठी प्रयोगशाळा आहे. सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटी खडक लागला, मधे गाळाचा एकही थर नाही. भूकंप जिथे जन्मतो त्या जागेजवळ यंत्र नेऊन ठेवायचे, हा पुढचा बेत.

एवढे सारे वाचून झाल्यावर मी त्या पहाटे दगावलेल्या माणसांचा शोध या निबंधांत घेतला. पहिल्या परिच्छेदात एक वाक्य असते. मृतांचा आकडा कुठे १७७, कुठे २००. मग लगेच धरणाचा छेद. यात लेखकांचा दोष नाही, त्यांचा विषयच तो. पण धरणाने कोणाला मारले नव्हते. माणसे मेली घरांत. कोयनानगरमधली बहुतेक दगडी घरे कोसळली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. म्हणजे त्या पहाटेने दोन बांधकामांची परीक्षा घेतली होती, धरणाची आणि घराची, आणि घर नापास झाले होते.

शास्त्र घरांकडे वळलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. इमारतींच्या भूकंपरोधक बांधकामाची भारतीय संहिता, आयएस ४३२६, योगायोगाने १९६७ सालचीच आहे. रुरकीचे आनंद स्वरूप आर्य यांनी साध्या, अभियंत्याविना बांधल्या जाणाऱ्या घरांवर आयुष्यभर काम केले. १९८६ साली या विषयावरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका त्यांच्या अध्यक्षतेखाली निघाली. कोयनेनंतर देशाचा भूकंपनकाशाही बदलला. १९७०च्या सुधारणेत ‘शून्य’ हा झोनच काढून टाकण्यात आला. देशात एकही जागा निर्धोक नाही हे कागदावर मान्य झाले.

कागदावरून ते गवंड्याच्या हातात गेले नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत सुमारे आठ हजार माणसे गेली. तीव्रता कोयनेच्याच घरातली, सहाच्या थोडी पुढे. माळवदाची घरे, दोन-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती. भिंतीचा बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे खड्यांची आणि मातीची भर. हादरा बसला की दोन थर एकमेकांपासून सुटून बाहेर फुगतात, आणि वरची मातीची जड धाब, जी दर पावसाळ्यात गळती थांबवायला आणखी जड होत गेलेली असते, खाली येते. दगड-मातीच्या अशा कमकुवत बांधकामासाठीची स्वतंत्र मार्गदर्शिका, आयएस १३८२८, हिच्यावरचे सालही १९९३च आहे.

किल्लारीच्या मुख्य धक्क्याची जवळून घेतलेली त्वरणनोंद नाही. तिथे कोयनेसारखे धरण नव्हते, म्हणून गॅलरी नव्हती, म्हणून यंत्रही नव्हते. संगणकात हलवायला किल्लारीच्या घराची आकृती हवी असेल तर हादरा दुसरीकडचा उसना घ्यावा लागतो. कित्येकदा तो कोयनेचा घेतात.

त्या मार्गदर्शिकेत भिंतीच्या आरपार जाणाऱ्या दगडाचा नियम आहे. दर दोन फूट उंचीला, आडव्या दिशेत चार-चार फुटांवर, एक लांब दगड असा बसवायचा की त्याचे एक टोक आतल्या थरात आणि दुसरे बाहेरच्या थरात जाईल. तेवढा लांब दगड मिळाला नाही तर दोन्हीकडून एकमेकांवर चढणारे दोन दगड, किंवा काँक्रीटचा ओतीव तुकडा, नाहीतर लाकूडसुद्धा चालते. हे करायला संगणक लागत नाही. दगड घडवणाऱ्याला तेवढी अधिक मजुरी द्यावी लागते, आणि काम चालू असताना कोणीतरी भिंतीपाशी उभे राहून ते दगड मोजावे लागतात.