तांबं, लोखंड आणि मुंबईची गोदी

वैरागमध्ये समुद्राचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण खाऱ्या पाण्याच्या बोअरमधून पाइप वर काढला, की पितळी व्हॉल्व शाबूत असतो आणि त्याला जोडलेला लोखंडी पाइप नेमका सांध्यापाशी कुजलेला असतो. हे आपण पाहतो. अडीचशे वर्षांपूर्वी याच कारणानं युद्धनौका धोक्यात आल्या होत्या.

लाकडी जहाजाचे शत्रू दोन. एक, लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा. दुसरा, तळाला चिकटून वेग कमी करणारे शिंपले आणि शेवाळ. उपाय म्हणून १७६१ मध्ये ब्रिटिश आरमारानं 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ मध्ये तपासणी झाली. लाकूड उत्तम राहिलं होतं, पण पत्रे ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते, त्यांतले बरेच खिळे गळून गेले होते. जिथं पत्र्याचा तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे मात्र टिकले होते. म्हणजे खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले, की लोखंड झिजतं आणि तांबं वाचतं.

तरीही १७७९ नंतर युद्धाच्या घाईत सगळ्या आरमाराला तांबं चढवलं गेलं. आतले बोल्ट लोखंडीच राहिले. १७८२ च्या वादळात 'रॅमिलीज', 'सेंटॉर' ही जहाजं गेली, तेव्हा संशय या बोल्टांवरही आला. मग बोल्टही तांब्याचे करायचे ठरले. पण शुद्ध तांबं मऊ. घण घालताच वाकतं. १७८३ च्या सुमारास रुळांमधून दाबून कठीण केलेले बोल्ट आले, तेव्हा प्रश्न सुटला. इथं लक्षात घ्या : धातू निवडून अर्धंच काम झालं होतं, तो कसा घडवायचा, यानं उरलेलं पूर्ण केलं.

आता मुंबई. वाडिया घराण्याच्या गोदीकडे मलबारचा साग होता. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंड खातं, सागातलं तेल त्याला जपतं. कारागिरीही इथलीच. पण तांबं इंग्लंडहून यायचं! मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांबं आणि 'त्रिंकोमाली'चे नकाशे घेऊन निघालेलं 'जावा' २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलजवळ अमेरिकनांनी जिंकलं आणि नंतर जाळून टाकलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे.

पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीनं उलटा डाव टाकला : तांब्याला लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडले, म्हणजे ते झिजतील आणि तांबं वाचेल. तांबं वाचलंही. पण तांबं झिजेना, म्हणून शिंपले पुन्हा चिकटू लागले! तांब्याची झीज हेच तर त्यांच्यासाठी विष होतं. तरीही ही युक्ती फुकट गेली नाही. आजच्या पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, ते याच तत्त्वावर.

तेव्हा पुढच्या वेळी बोअरचा सांधा बदलताना नुसता महागडा धातू मागू नका. तो कुणाशेजारी बसणार आहे आणि कोणत्या पाण्यात, हे आधी विचारा. आरमाराला हे शिकायला जहाजं गमवावी लागली. आपल्याला एका पाइपावर भागतं.