मेंदूतील उपद्रवाचा किरणशोध

बालकाच्या देहात अन्यत्र उद्भवलेला कर्करोग मेंदूपर्यंत पोहोचला आहे की नाही, याचा निर्णय कवटी न उघडता करता यावा, या आकांक्षेला वाट मिळाली ती १९४८ साली, मिनेसोटा विद्यापीठातील जॉर्ज मूर यांनी किरणोत्सारी आयोडिनयुक्त रंगद्रव्याच्या साह्याने मेंदूतील अर्बुदांचे स्थान मुक्रर केले तेव्हा. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या असल्या द्रव्याला मज्जाव करतात. अर्बुदापाशी मात्र हा बंदोबस्त ढासळतो, द्रव्य तेथे साचते आणि रोगाचा ठावठिकाणा उघड होतो.

पुढे १९६०च्या दशकात हॅल अँगर यांचा गॅमा कॅमेरा आणि सहा तासांत निम्मे क्षीण होणारे टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य यांचा संयोग झाला, आणि कोवळ्या देहावरील किरणांचा भार पुष्कळ हलका झाला. तपासणीपूर्वी रुग्णाला पोटॅशियम परक्लोरेट देत. कारण एरवी मेंदूतील द्रव स्रवणारी निरोगी जाळीही टेक्नेशियम शोषून घेई आणि तिचीच छाया रोग म्हणून गणली जाण्याचा धोका असे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने १९६३पासून ही अणुवैद्यकाची विद्या मुंबईत रुजवली.

१९७१मध्ये लंडनला सीटी स्कॅन अवतरला, मागोमाग एमआरआय आला, आणि मेंदूच्या चित्रणातील मुख्य अधिकार त्यांच्याकडे गेला. तथापि न्यूरोब्लास्टोमा या बालकर्करोगात एमआयबीजी या किरणोत्सारी आयोडिनयुक्त द्रव्याचे मोल टिकून आहे. कारण शर्करा निरोगी मेंदूही मुबलक शोषतो, म्हणून किरणोत्सारी शर्करा वापरणाऱ्या पेट स्कॅनच्या चित्रात लहानसा उपद्रव झाकला जातो, एमआयबीजी मात्र निरोगी मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. लेकराच्या मस्तकाला शस्त्र लावण्यापूर्वी शक्य ती निश्चिती करणे, हेच या विद्येचे खरे पुण्यकर्म होय.